गाडी इंग्लंडची, कारखाना चीनचा: मॉडेल रेल्वे बाहेरच्या देशात बनवून घेण्याबद्दल

घाटमाथा

मॉडेल रेल्वेवर इथे आधी दोनतीन धागे येऊन गेलेत पण ते सगळे लेआउट (रूळ, स्टेशनं वगैरेची मांडणी) कसा बांधायचा, ट्रॅक कुठला घ्यायचा असे होते. मला बोलायचंय ते ह्या गाड्या बनतात कुठे आणि तिथेच का बनतात ह्याबद्दल, कारण हल्ली कुठल्याही ग्रुपवर "सगळं चायना झालं, दर्जा गेला" एवढं एक वाक्य टाकून लोक मोकळे होतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीचंच घ्या. फ्रँक हॉर्नबीने लिव्हरपूलला बिन्स रोडच्या कारखान्यात १९२० पासून गाड्या बनवायला सुरुवात केली, १९३८ ला डब्लो ही लहान मापाची मालिका आली, पुढे १९६४ मध्ये ट्रायअँग नावाने गाड्या विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सने सगळं विकत घेतलं आणि काम केंटमध्ये मार्गेटला गेलं. तिथे गाव हॉर्नबीवर जगत होतं म्हटलं तरी चालेल. मग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन हळूहळू चीनला हलवलं, हाँगकाँगच्या सांदा कान नावाच्या कंपनीकडे, जिचे कारखाने पलीकडे ग्वांगडोंगमध्ये होते. मार्गेटला डिझाइन आणि ऑफिस उरलं.

आता दर्जाचं. मार्गेटच्या काळातलं इंजिन हातात घ्या, हँडरेल म्हणजे बॉडीवरच उठवलेली एक रेघ, मोटर टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळशाच्या गाड्यात), पुढच्या चाकांची फ्लँज (रुळाला धरणारी कड) एवढी जाड की स्लीपरवर खडखडायची. आणि २००० साली चीनमधून आलेलं रीबिल्ट मर्चंट नेव्ही हे वाफेचं इंजिन बघा. वेगळ्या तारेचं हँडरेल, कॅबमध्ये एकेक व्हॉल्व्ह रंगवलेला, मोटर इंजिनमध्ये. इंग्लंडात हे परवडलंच नसतं कारण असे शेकडो बारीक भाग कुणीतरी चिमट्याने एकेक करून बसवावे लागतात आणि त्या हातांची मजुरी तिथे देणं शक्य नव्हतं. म्हणजे दर्जा गेला नाही, वाढला, आणि तो बाहेर बनवल्यामुळेच वाढला.

पण माझी तक्रार दुसरी आहे. असेंब्ली बाहेर दिली ह्यात मला वाईट वाटत नाही. साचे बनवायचं कामही बाहेर गेलं आणि घरची टूलरूम (साचे बनवायचा विभाग) बंद झाली, तिथे ह्या कंपन्यांच्या हातातून लगाम सुटला. २००८ च्या सुमाराला सांदा कान अडचणीत आली आणि केडरने ती विकत घेतली, म्हणजे हॉर्नबीचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी बाखमन ज्या समूहाचा आहे त्याच समूहाने! एका रात्रीत तुमचा माल बनवणारा माणूस तुमच्या स्पर्धकाच्या घरचा झाला. २०१२ पर्यंत हॉर्नबीला वेळेवर माल मिळेना, दुकानं रिकामी, नफा पडला, आणि मग धावाधाव करून काम बऱ्याच वेगवेगळ्या कारखान्यांत वाटावं लागलं.

तुम्हाला काय वाटतं? जे ह्या धंद्याच्या जवळ आहेत त्यांनी जरूर लिहा.

मनमाड_जंक्शन

छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका, साचे तर हॉर्नबीच्या पैशाने बनलेले ना, मग ते उचलून दुसऱ्या कारखान्यात न्यायचे, अडचण काय आहे?

साचेवाला

ह्यावर मी लिहितो कारण भोसरीत टूलरूममध्येच आयुष्य गेलंय, गाड्यांचे नाही पण ऑटो आणि स्विचगिअरचे प्लास्टिक मोल्ड.

कागदावर साचा गिऱ्हाइकाचा असतो हे बरोबर. पण साचा म्हणजे नुसता पोलादाचा ठोकळा नसतो हो. एका डिझेल इंजिनाची बॉडी घ्या, दोन्ही बाजूंना जाळ्या, दरवाजे, रिव्हेट, पुढेमागे काचेची चौकट, म्हणजे चारी बाजूंनी स्लाइड (साच्याचे बाजूला सरकणारे भाग) लागतात, भाग थंड झाला की आधी स्लाइड बाहेर सरकणार मग इजेक्टर पिनांनी बॉडी ढकलली जाणार. जाळीच्या त्या बारीक पट्ट्या मिलिंगने निघत नाहीत, त्यासाठी तांब्याचं किंवा ग्राफाइटचं इलेक्ट्रोड करून स्पार्क मारावा लागतो. मग ट्रायल. पहिल्या ट्रायलला कुठे शॉर्ट शॉट (साचा पूर्ण भरत नाही), कुठे फ्लॅश (सांध्यातून प्लास्टिक बाहेर), जाड भागावर सिंक मार्क (खळगा), मग साचा परत खोलायचा, कुठे दोनपाच शतांश मिलिमीटर घासायचं, व्हेंट (हवा जायची फट) वाढवायची, परत ट्रायल. हे सगळं ज्या माणसाने केलं त्याच्या डोक्यात आणि त्याच्या वहीत राहतं. कुठल्या मशीनवर किती प्रेशर, किती टेंपरेचर, कुठली स्लाइड उन्हाळ्यात धरते. साचा तुम्ही क्रेनने उचलून नेलात तरी ती वही बरोबर येत नाही. नवीन कारखान्यात तोच साचा पहिले कित्येक दिवस भंगारच काढतो.

आणि उचलून नेण्याआधी जुन्या कारखान्याची उधारी चुकवायला लागते, कारखाना बुडाला असेल तर बँक नाहीतर कोर्ट गेटला कुलूप लावतं आणि तुमचा साचा आत. हे आपल्याकडेही होतं, जॉबवर्कवाल्याचं दुकान बंद पडलं की गिऱ्हाईक गेटवर उभं असतं.

त्यामुळे घाटमाथा म्हणतायत त्याला माझं पूर्ण अनुमोदन. ज्या कंपनीकडे साचा वाचू शकणारा स्वतःचा एक तरी जुना टूलमेकर पगारावर आहे ती निदान समोरच्याला प्रश्न तरी विचारू शकते. तो नसेल तर कारखाना सांगेल ते खरं.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून नमस्कार. इथून ट्रेनने उल्मकडे निघालं की वाटेत गॉपिंगन लागतं, मेर्कलिन ह्या जर्मन मॉडेल रेल्वे कंपनीचं गाव. (त्याच्या पुढे गाइसलिंगनचा चढ आहे, १८५० चा, मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात, आपल्या बोरघाटाची आठवण येणाऱ्यांनी नक्की बघावा.)

मेर्कलिन १८५९ ची कंपनी. आधी बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी बनवायचे, मग १८९१ ला लाइपझिगच्या जत्रेत ठराविक गेजची (रुळांमधल्या अंतराची) रेल्वे मांडली. त्यांनीही मधल्या काळात थोडं काम चीनला दिलं होतं आणि हंगेरीत ग्यॉरला स्वतःचा कारखाना काढला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यांचं १५० वं वर्ष होतं ते! इथल्या पेपरांत अक्षरशः कुणीतरी घरातलं आजारी असल्यासारख्या बातम्या येत होत्या. पण त्यातून बाहेर पडताना त्यांनी काय केलं तर चीनमधलं काम बऱ्यापैकी मागे आणलं आणि गॉपिंगन व ग्यॉर ह्या स्वतःच्या दोन जागांवर भर दिला. २०१३ ला सिंबा डिकी समूहाने विकत घेतलं तेव्हापासून स्थिर आहेत. गॉपिंगनला धातूच्या बॉडीचं डायकास्टिंग आणि साचे, ग्यॉरला मुख्यतः असेंब्ली अशी साधारण वाटणी.

म्हणजे घाटमाथांचा मुद्दा उलट्या बाजूने सिद्ध होतो, बाहेरच्या देशात बनवा पण कारखाना आपला हवा. पीको पण तसंच, सोनेबर्गची कंपनी, चीनमध्ये बनवते पण कारखाना स्वतःचा. ऑस्ट्रियाच्या रोकोचं काम रोमानियात आरादला आणि व्हिएतनामला चालतं.

किमतीचं मात्र सांगायलाच हवं. मेर्कलिनचं चांगलं इंजिन ३०० ते ६०० युरो. गॉपिंगनची मजुरी त्यात आहे आणि ती द्यायला गिऱ्हाईक तयार आहे म्हणून हे चालतं. ते गिऱ्हाईक बहुतेक पिकल्या केसांचं आहे ही इथल्या दुकानदारांची खरी काळजी.

जर्सीकर

न्यूजर्सीमधून. लायनेल ह्या अमेरिकन मॉडेल रेल्वे कंपनीबद्दल लिहितो कारण त्यांचा जुना मोठा कारखाना इथेच हिलसाइडला होता, नेवार्कच्या शेजारी. जोशुआ लायनेल कोवेनने १९०० मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेली कंपनी, पन्नाशीच्या दशकात इथल्या प्रत्येक घरात ख्रिसमसला लायनेल.

चीनच्या कितीतरी आधी त्यांनी बाहेर जाऊन बघितलं होतं. १९८३ मध्ये, तेव्हा मालकी जनरल मिल्सकडे, म्हणजे कॉर्नफ्लेक्स विकणाऱ्या लोकांकडे होती, त्यांनी मिशिगनचं उत्पादन उचलून मेक्सिकोत तिहुआनाला नेलं. मशीन गेली, साचे गेले, पण वर्षानुवर्षं त्या गाड्या जुळवणारी माणसं मिशिगनमध्येच राहिली. परिणाम असा की कॅटलॉगमध्ये छापलेला माल उशिरा आला, काही आलाच नाही, जो आला त्यात दोष. दशकाच्या मध्यापर्यंत सगळं परत मिशिगनला. साचेवाला म्हणतायत ती वही, अगदी तेच. शेवटी २००१ ला अमेरिकेतलं उत्पादन थांबवून कोरिया आणि चीनला गेले ते गेलेच.

आणि कोरियाचा किस्सा तर फारच भारी आहे. एमटीएच म्हणून त्यांची स्पर्धक कंपनी, ती सामहोंगसा नावाच्या कोरियन कारखान्याकडून इंजिनं बनवून घ्यायची. लायनेल ज्यांच्याकडून बनवून घ्यायची त्या कोरियन कंपनीकडे सामहोंगसाची माणसं गेली आणि जाताना ड्रॉइंग घेऊन गेली असा एमटीएचचा आरोप. २००० मध्ये केस, जून २००४ मध्ये डेट्रॉइटच्या ज्यूरीने लायनेलवर ४ कोटी डॉलरच्या वर भरपाई ठोठावली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये लायनेल दिवाळखोरीत! २००६ ला अपिलात तो निकाल रद्द झाला, पुढे तडजोड झाली, २००८ ला कंपनी बाहेर आली. भांडण कोरियातल्या दोन कारखान्यांतलं आणि शंभरी गाठलेली अमेरिकन कंपनी त्यात बुडता बुडता वाचली.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, चिनी मालावर १४५ टक्के टॅरिफ लागलं तेव्हा काही आठवडे इथल्या दुकानदारांना कळेना की येणाऱ्या मालाची किंमत काय लावायची. मे मध्ये ते ३० वर आलं. पण "मग अमेरिकेत बनवा" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, बनवणार कोण, टूलरूम आहेत कुठे?

सुमेधा

धागा वाचतेय, माहिती खूपच चांगली आहे. पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहिते. सगळे साचा, ड्रॉइंग, मालकी ह्याबद्दल बोलताय. ते चिमट्याने भाग बसवणारे हात कुणाचे? घाटमाथांनी एका वाक्यात "हात" म्हणून पुढे नेलं.

ते हात बहुतेक बायकांचे असतात, खेड्यातून आलेल्या तरुण मुलींचे. केडरचं नाव वर आलं म्हणून सांगते. १० मे १९९३ ला थायलंडमध्ये नाखोन पाथोमला केडरच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. तिथे गाड्या नव्हे, बाहुल्या आणि कापडी खेळणी बनायची, पण नाव तेच आणि त्या समूहाची भागीदारी होती. १८८ माणसं गेली, बहुतेक तरुण बायका, शेकड्याने जखमी. बाहेर पडायची दारं बंद होती, जिने अपुरे, इमारतीच्या लोखंडी तुळयांना आगीपासून संरक्षणाचा थर नाही त्यामुळे इमारत कोसळली. वरच्या मजल्यांवरून मुलींनी उड्या मारल्या. थायलंडमध्ये १० मे हा आता राष्ट्रीय सुरक्षा दिवस म्हणून पाळतात.

कुणी मॉडेल घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण बाहेर का बनवतात ह्याचं उत्तर "स्वस्त पडतं" एवढ्यावर सोडलं तर ते स्वस्त कशामुळे पडलं हेही त्याच धाग्यात लिहिलेलं असावं.

घाटमाथा

सुमेधा, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. हा भाग धाग्यात हवाच होता.

त्याला जोडूनच, गेल्या पंधरावीस वर्षांत चीनमध्ये मजुरी चांगली वाढली आणि ग्वांगडोंगमधल्या मुली मोबाइलच्या कारखान्यांत जायला लागल्या कारण तिथे पैसे जास्त. मला ह्यात आनंदच आहे. आज नवीन इंजिनाची किंमत वाढलीय म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्यातली काही वाढ त्या मुलींच्या पगारात गेलीय आणि ती आधीच जायला हवी होती. कारखान्यांना मात्र माणसं मिळत नाहीत, म्हणून हल्ली आधी बुकिंग घेतात, मग कारखान्यात स्लॉट मिळणार, त्यात चिनी नववर्षाला सगळं बंद, कामगार गावी गेलेले त्यातले सगळे परत येतीलच असं नाही, मग जहाजाचे चारसहा आठवडे. जाहीर झालेलं मॉडेल दोन वर्षांनी येतं ते ह्यामुळे.

मनमाड_जंक्शन

मग जपान कसं काय टिकून आहे? काटोच्या डब्यावर अजून मेड इन जपान असतं आणि किंमत पण बरी असते.

साचेवाला

काटोचं मला फार कौतुक आहे. १९६५ ला त्यांनी जपानमधली पहिली एन गेजची (९ मिमी रुळांची) गाडी काढली तेव्हापासून ते घरीच बनवतात. मित्राने त्यांचं एक इंजिन मला उघडायला दिलं होतं. स्क्रू जवळजवळ नाहीच. बॉडी अंगठ्याने दोन्ही बाजूंनी किंचित फाकवली की सुटते, आत चेसिसचे दोन भाग, मोटर मधे रबरासारख्या पाळण्यात, संपर्काच्या तांब्याच्या पट्ट्या खोबणीत सरकवलेल्या, सोल्डरिंग नाही. काचा एका तुकड्यात आणि कट्टकन बसतात. रंग कमी कारण बरेच भाग त्या त्या रंगाच्या प्लास्टिकमध्येच काढलेले. म्हणजे मजुरीचे तास त्यांनी आधीच डिझाइनमध्ये काढून टाकलेत, पैसा घातला तो साच्याच्या अचूकपणात. आणि घरचं गिऱ्हाईक प्रचंड, तोच साचा परत परत मशीनवर चढतो.

हे जमायला डिझाइन करणारा आणि साचा बनवणारा एका छपराखाली पाहिजेत, दुपारी चहाला भेटणारे. ईमेलवर आणि दुभाष्यामार्फत हे होत नाही असं मी म्हणणार नाही पण फार फार कठीण आहे.

भुसावळ_शेड

ह्या सगळ्यात आपलं काय? डब्ल्यूडीएम-२ ह्या डिझेल इंजिनाचं मॉडेल कोण बनवणार??

हजारोंनी धावलेलं इंजिन, अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, वाराणसीला बनलं, आपल्या सगळ्यांचं बालपण त्या आवाजात गेलं, आणि एचओ मध्ये (१:८७ माप) हवं असेल तर एकतर स्वतः थ्रीडी प्रिंट करा, बॉडी अमेरिकन अल्कोच्या चेसिसवर बसवा, नाहीतर हाताने बनवणाऱ्या एखाद्या हौशी माणसाच्या मागे लागा. परदेशातून मागवायचं तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलीय, आणि स्केल मॉडेल खेळण्यांच्याच खात्यात येतात. सरकारचा हेतू देशी खेळण्यांना बळ देण्याचा, तो चांगलाच आहे, पण मॉडेल रेल्वेवाला मधल्यामध्ये भरडला जातो कारण देशी पर्याय जवळपास नाहीच.

आणि एक, भारतात हे बनत नाही असं कोण म्हणतं? एअरफिक्स हॉर्नबीकडेच आहे २००६ पासून, त्यांच्या कितीतरी विमानांच्या किटच्या डब्यावर मेड इन इंडिया छापलेलं असतं. इंग्लंडचं स्पिटफायर भारतात बनतं आणि भारताचं डब्ल्यूडीएम-२ कुठेच बनत नाही, हे मला खरंच टोचतं.

साचेवाला

भुसावळकर, एअरफिक्सचा मुद्दा बरोबर आहे पण त्यात फरक आहे. किट म्हणजे नुसतं मोल्डिंग, फ्रेमवर भाग तसेच पिशवीत जातात, जोडायचं काम गिऱ्हाईक करतं. चालू इंजिनात मोटर, गिअर, सर्किट बोर्ड, रंगाचे चारपाच थर, पॅडने छापलेली अक्षरं, आणि शेवटी जुळणी. मोल्डिंग आपण उद्या करू, भोसरी चाकणला मशीनची कमतरता नाही. जुळणीला हात बसायला वर्षं लागतील, पण बसतील, घड्याळं आणि मीटर आपण इथेच जुळवलेत की.

खरी अडचण संख्येची. मोल्डचा खर्च शंभर नगांना आणि काही हजार नगांना सारखाच येतो. त्यात आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ ला तो सव्वाएकोणीस मिमी होतो आणि बाजारातला सगळा ट्रॅक साडेसोळाचा. म्हणजे एकतर गेजशी तडजोड करायची नाहीतर ट्रॅकही आपणच बनवायचा. मी म्हणेन तडजोड करा, ब्रिटिश डबल ओ (१:७६ माप) वाले कायम अरुंद ट्रॅकवरच चालवत आलेत आणि त्यांचं काही अडलं नाही.

घाटमाथा

ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी कोथरूडला संगम प्रेसजवळचं जोशी मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय बघून या, भाऊ जोशींनी उभारलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एवढा मोठा चालता लेआउट पुण्यात उभा राहू शकतो तर गिऱ्हाईक नाही असं मी मानत नाही. पालक मुलांना घेऊन येतात, मुलं हटत नाहीत, आणि बाहेर पडल्यावर त्यांना विकत घ्यायला परवडेलशी एकही भारतीय गाडी नसते. हे गिऱ्हाईक कुणीतरी धरायला हवं. एखादा इंजिनिअरिंग कॉलेजचा टूल डिझाइनचा विभाग आणि एखादं चालू टूलरूम एकत्र आलं तर पहिला एक डबा निघू शकतो, इंजिन नको, नुसता निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा. मोटर नाही, सर्किट नाही, आणि एकाच साच्यातून नंबर बदलून कितीतरी आवृत्त्या. गाडीला इंजिन एक लागतं पण डबे अठरा.

साचेवाला

आयसीएफ डब्याचा विचार एकदम बरोबर. बाजूच्या भिंती सपाट वेगळ्या काढल्या, छत वेगळं, तर स्लाइड लागणारच नाहीत, साधा दोन प्लेटचा साचा. खिडकीच्या गजांचं काय करायचं ते बघावं लागेल, ते प्लास्टिकमध्ये जाड दिसतील, एच्ड (आम्लाने कोरलेल्या) पितळेचे केले तर छान होईल. ड्रॉइंग कुणाकडे असेल तर मी सेक्शन काढून बघतो.

भुसावळ_शेड

ड्रॉइंग माझ्याकडे नाही पण यार्डात जाऊन परवानगीने मापं घेतलेला एक मित्र आहे, विचारतो.

नेकारकाठ

ह्या धाग्यावर जुनं सेकंडहँड इंजिन विकत घेणारे बरेच असतील म्हणून एक उपयोगाची गोष्ट. चेसिस जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि त्यात ओतताना शिसं वगैरे मिसळलं गेलं तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, तडे जातात, शेवटी हातात चुरा. हे फक्त चीनचं दुखणं नाही, १९३० च्या आसपासच्या लिव्हरपूलच्या गाड्यांतही हेच झालेलं आहे. माझ्याकडचं एक इंजिन, कंपनीचं नाव घेत नाही, डब्यातल्या डब्यात इतकं फुगलं की बॉडी मधोमध वाकली.

घ्यायच्या आधी बॉडी काढून दाखवा म्हणायचं. चेसिसच्या कडांवर केसासारखे तडे, फोड आल्यासारखा पृष्ठभाग, किंवा बॉडी लांबीला घट्ट बसलेली आणि सहज निघत नसेल तर सोडून द्यायचं.

जर्सीकर

त्यात माझी भर. सावकाश चालवून ऐका. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् असा ठराविक आवाज आला तर ॲक्सलवरचं प्लास्टिकचं गिअर चिरलंय. चाकांमधलं आतलं अंतर मोजा, एचओ ला साधारण १४.४ मिमी पाहिजे, चिरलेल्या गिअरवर चाकं सरकलेली सापडतात. गिअर सुटं मिळतं, चिकटवायच्या भानगडीत पडू नका, टिकत नाही.

मनमाड_जंक्शन

ॲक्सल न काढता गिअर बदलता येतं का?

जर्सीकर

नाही. बॉगीचं खालचं कव्हर क्लिपवर असतं ते काढा, ॲक्सल बाहेर घ्या, चाक पिरगळत सरळ ओढा, नवीन गिअर मध्यावर बसवून दोन्ही बाजूंनी सारखं दाबा आणि परत मोजा.